गव्हाची पारख आणि प्रथिनाचे मोल

वसई तालुक्याच्या किनारपट्टीत केळी, पानवेल, फुले व भाजीपाला ही पिके पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहेत. तालुक्याच्या पूर्व भागात, तुंगारेश्वराच्या डोंगराच्या आसपास आणि त्यापलीकडे, खरिपात भाताचे पीक घेतले जाते. गव्हाचे शेत मात्र या भागात सहसा दृष्टीस पडत नाही. समुद्रकाठची दमट हवा व कोकणातील उबदार हिवाळा गव्हास मानवत नाही. असे असता गव्हाच्या परीक्षेचा विचार वसई-विरारच्या लोकांपुढे कशासाठी मांडावा, अशी शंका कोणी घेईल. तिचे उत्तर असे की, हा भाग गहू पिकवीत नसला तरी गहू खाण्यात तो कोणाच्या मागे नाही. इ. स. १५३४ पासून १७३९ पर्यंत वसईवर पोर्तुगिजांचा अंमल होता. पाव हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीज भाषेतून आला आणि तो पदार्थही त्या लोकांबरोबर या किनाऱ्यावर रुळला. पुढे रेल्वेच्या आसऱ्याने वस्ती वाढली, २००९ साली वसई-विरार महानगरपालिका झाली, आणि देशाच्या निरनिराळ्या भागांतून आलेल्या कुटुंबांबरोबर पोळी, पराठा व पुरी यांचाही प्रसार झाला. आज भाकरी व भात खाणाऱ्या घरांतही गव्हाचा डबा असतोच.

ज्या गावात गहू पिकत नाही त्या गावास तो पारखून घ्यावा लागतो. आणि जो तो पिकवितो त्यास आपला माल काय योग्यतेचा आहे हे सिद्ध करता आले पाहिजे. या दोघांच्या मध्ये आज एक नवे साधन उभे राहिले आहे. निकट-अवरक्त किरणांनी धान्यातील प्रथिनाचे प्रमाण मिनिटाभरात सांगणारे यंत्र, ज्यास व्यवहारात एनआयआर यंत्र म्हणतात, मोठ्या पीठगिरण्यांच्या प्रयोगशाळांत वापरात आहे. प्रश्न यंत्र चांगले की वाईट हा नसून त्याने सांगितलेला आकडा कोणाच्या हाती पडतो हा आहे. तो आकडा केवळ खरेदीदाराच्या हाती राहिल्यास शेतकऱ्याचे कल्याण होणार नाही; तो उघड्यावर आला तर पिकविणारा व खाणारा या दोघांचेही हित होईल. मात्र त्याच्या जोडीने हेही ओळखले पाहिजे की, प्रथिनाचे प्रमाण व प्रथिनाचा गुण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

डोळ्यांची पारख व तिची मर्यादा

चैत्र-वैशाखात वर्षाचा गहू भरण्याची रीत अजूनही पुष्कळ घरांतून पाळली जाते. घरातील जाणती माणसे मूठभर गहू तळहातावर घेऊन त्याचा रंग व चकाकी पाहतात, दाणा दाताखाली फोडून त्याचा कठीणपणा अजमावतात, आणि मग पोती उतरवून घेतात. ही परीक्षा अगदीच निरर्थक नाही. काचेसारखा पारदर्शक व कठीण दाणा हा बहुधा प्रथिनयुक्त असतो, आणि पिठूळ, पांढुरक्या डागांचा दाणा हा पिकास नत्र कमी पडल्याची खूण असू शकतो. परंतु एवढ्याने अचूक निर्णय होत नाही. चाळून व पॉलिश करून माल उजळ करता येतो. मोठा, टपोरा व तेजदार दाणा प्रथिनाने सामान्यही निघतो.

शिवाय बाजारातील नावे ग्राहकास पुरेशी वाट दाखवीत नाहीत. ‘लोकवन’ हे नाव गुजरातेतील सणोसरा येथील लोकभारती संस्थेत निघालेल्या लोक-१ या वाणावरून पडले. परंतु आज त्या नावाने विकला जाणारा प्रत्येक दाणा त्याच वाणाचा असतो असे नाही. बन्सी व खपली यांची तीच गोष्ट. वाण एकच असला तरी जमीन, पाणी, खत व हवामान यांनुसार त्यातील प्रथिनाचे प्रमाण बदलते. एकाच शिवारातील दोन शेतांच्या गव्हात टक्का-दोन टक्क्यांचा फरक पडणे ही नवलाची गोष्ट नव्हे. तेव्हा नाव विचारून वा रंग पाहून प्रथिनाचा अंदाज बांधणे म्हणजे वजन न करता पोते उचलून पाहण्यासारखेच आहे.

मोजमापाची जुनी रीत

पिठातील चिकट सत्त्व पाण्याने धुऊन वेगळे करता येते, हे इटलीतील बोलोन्या येथील बेकारी या विद्वानाने अठराव्या शतकाच्या पूर्वार्धातच दाखविले होते. या सत्त्वासच ग्लुटेन म्हणतात. परंतु धान्यातील एकूण प्रथिन मोजण्याची खात्रीची रीत १८८३ साली हाती आली. कोपनहेगन येथील कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेतील योहान केल्डाल यांनी ती शोधून काढली. तिच्यात धान्याचे पीठ तीव्र गंधकाम्लात उकळून त्यातील नत्र अमोनियाच्या रूपाने मोजतात. गव्हाच्या प्रथिनात नत्राचे प्रमाण साधारण ठराविक असल्याने आलेल्या आकड्यास ५.७ ने गुणिले म्हणजे प्रथिनाचे प्रमाण मिळते. उदाहरणार्थ, नत्र २ टक्के आले तर प्रथिन ११.४ टक्के समजावे.

ही पद्धत आजही आधारभूत मानली जाते. परंतु तिला कित्येक तास लागतात, तीव्र अम्ल व कुशल माणूस लागतो, आणि बाजाराच्या आवारात ती करता येत नाही. तिच्यात आणखी एक उणीव आहे. ती प्रथिन मोजत नाही, नत्र मोजते. २००८ साली चीनमध्ये दुधात मेलॅमिन हा नत्रयुक्त पदार्थ मिसळून प्रथिनाचा आकडा फुगविण्यात आला आणि हजारो अर्भकांना मूत्रपिंडाचे विकार जडले, याचे मूळ या उणिवेतच होते. कोणतेही मोजमाप नेमके कशाचे आहे हे जाणल्याशिवाय त्याच्या आकड्यावर विसंबू नये, हा धडा त्या घटनेने जगास दिला.

किरणांची परीक्षा

तांबड्या रंगाच्या पलीकडे डोळ्यांस न दिसणारे, पण उष्णतेने जाणवणारे किरण असतात, हे विल्यम हर्शेल यांनी १८०० साली दाखविले. त्यांस अवरक्त किरण म्हणतात. त्यांपैकी दृश्य प्रकाशाला लागून असलेला पट्टा, साधारणपणे ७८० ते २५०० नॅनोमीटर लांबीच्या लहरींचा, तो निकट-अवरक्त होय. हे किरण धान्यावर पडले असता पाणी, प्रथिन, पिष्ट व तेल यांतील अणूंचे बंध आपापल्या ठराविक लहरी शोषून घेतात. पाण्याचे बंध १४५० व १९४० नॅनोमीटरच्या सुमारास ठळकपणे शोषण करतात. प्रथिनातील नत्र व हायड्रोजन यांच्या बंधाची खूण निराळ्या ठिकाणी उमटते. परत आलेला किंवा दाण्यांतून पार गेलेला प्रकाश मोजून कोणती लहर किती शोषली गेली हे यंत्र टिपते. दाणा दळावा लागत नाही, अम्ल लागत नाही, आणि तपासलेला नमुना पुन्हा पोत्यात टाकता येतो.

अमेरिकेच्या कृषी खात्याच्या बेल्ट्सव्हिल येथील केंद्रात कार्ल नॉरिस या अभियंत्याने १९६० नंतरच्या दशकात या पद्धतीचा पाया घातला. कॅनडाच्या धान्य आयोगाने १९७५ साली गव्हातील प्रथिन मोजण्यासाठी केल्डाल पद्धतीऐवजी तिचा अंगीकार केला. वेगवेगळ्या प्रथिनाचा गहू वेगवेगळ्या कोठारांत साठवून त्याप्रमाणे विकणे तेथे या वेगवान परीक्षेमुळे सोपे झाले.

तथापि यंत्र स्वतःच्या बळावर प्रथिन जाणत नाही, ही गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. प्रथम शेकडो नमुन्यांचे प्रथिन जुन्या रासायनिक पद्धतीने काढतात. तेच नमुने किरणांखाली ठेवून दोहोंचा संबंध गणिताने बसवितात. यास अंशशोधन म्हणतात. अंशशोधन ज्या गव्हावर झाले त्याच जातीच्या गव्हाबाबत यंत्र खरे बोलते. परदेशातील लाल, कठीण गव्हावर बसविलेले सूत्र महाराष्ट्रातील बन्सी किंवा खपली गव्हास लावले तर आकडा पडद्यावर उमटेल खरा. पण तो विश्वासार्ह असेलच असे नाही. चांगले अंशशोधन झालेल्या यंत्राची चूक साधारणपणे टक्क्याच्या दोन-तीन दशांशांइतकी असते. वाईट अंशशोधनाच्या यंत्राची चूक किती असेल ते त्याच्या पडद्यावर कोठेही लिहिलेले नसते.

ओलाव्याचाही हिशेब यात येतो. एखाद्या गव्हात १० टक्के ओलावा असता प्रथिन १२ टक्के भरले, तर तोच गहू १४ टक्के ओलाव्याचा झाल्यावर त्याचे प्रथिन सुमारे ११.५ टक्के दिसेल. प्रथिन घटले नाही, पाणी वाढले. म्हणूनच गव्हाचा व्यापार करणाऱ्या देशांनी प्रथिन कोणत्या ओलाव्यावर सांगावयाचे ते ठरवून टाकले आहे. कॅनडात ते १३.५ टक्के ओलाव्यावर व अमेरिकेत १२ टक्के ओलाव्यावर सांगतात. ओलावा न सांगता नुसता प्रथिनाचा आकडा सांगणे म्हणजे माप न सांगता भाव सांगणे होय.

प्रमाण निराळे, गुण निराळा

गव्हातील प्रथिनाचा मोठा भाग, सुमारे चार-पंचमांश, ग्लुटेनचा असतो. अमेरिकेतील ऑस्बोर्न यांनी १९०७ साली गव्हाच्या प्रथिनांचे वर्गीकरण प्रसिद्ध केले. त्यातील ग्लायडिनमुळे कणकेस ताण व लवचिकपणा येतो, तर ग्लुटेनिनमुळे तिच्यात बळ व ताठरपणा येतो. या दोहोंचे परस्परांशी प्रमाण व त्यांची घडण हीच प्रथिनाच्या गुणाची किल्ली होय, आणि ती मुख्यतः वाणावर अवलंबून असते. प्रथिनाचे एकूण प्रमाण मात्र जमीन, खत व हवामान यांवर पुष्कळ अवलंबून असते. म्हणजे दोन गव्हांत प्रथिन १२ टक्केच असूनही एकाचा पाव फुगून हलका होईल व दुसऱ्याचा चपटा राहील.

कामाप्रमाणे गव्हाची निवडही बदलते. पाव भाजणाऱ्यास बळकट ग्लुटेन हवे, म्हणजे आंबवणातून निघणारा वायू कणकेत कोंडून राहील. बिस्किटे करणाऱ्यास तेच ग्लुटेन नको असते. त्यास मऊ व दुबळा गहू लागतो. पोळीस मध्यम बळाचे व पाणी चांगले धरणारे पीठ लागते. रवा, शेवया यांस बन्सी गहू उत्तम. वसईच्या बेकरीस जो गहू उत्तम तो शेजारच्या घरातील पोळीस उत्तम असेलच असे नाही. ‘अधिक प्रथिन तितका गहू चांगला’ ही समजूत म्हणूनच अर्धवट खरी आहे.

किरणांचे यंत्र प्रमाण चांगले सांगते; ग्लुटेनचे बळ ते खात्रीने सांगू शकत नाही. काही प्रसंगी तर ते फसगतही करते. कापणीच्या वेळी अवकाळी पाऊस होऊन दाण्यास कोंब फुटले म्हणजे त्यातील पिष्ट मोडणारी विकरे जागी होतात व पाव चिकट व लगद्यासारखा होतो. अशा गव्हाच्या प्रथिनाचा आकडा मात्र पूर्वीसारखाच येतो. अतिउष्ण हवेने वाळविलेल्या गव्हाचे ग्लुटेन निकामी होते, तरी आकडा ढळत नाही. उशिरा पेरलेल्या वा पाण्याचा ताण बसलेल्या पिकाचा दाणा आक्रसून जातो; त्यात पिष्ट कमी भरल्यामुळे प्रथिनाचे शेकडा प्रमाण उलट वाढलेले दिसते. तो आकडा शेतकऱ्याच्या कर्तबगारीचा नसून पिकाच्या दुर्दशेचा असतो.

म्हणून जाणत्या प्रयोगशाळा किरणांच्या परीक्षेबरोबर आणखी काही परीक्षा ठेवतात. पीठ दुधाम्लाच्या द्रावणात ढवळून तळाशी किती साका बसतो ते पाहतात. साका जितका फुगलेला तितके ग्लुटेन बळकट. कोंब फुटल्याची शंका असल्यास पिठाची कांजी तापवून तिच्यातून दांडा खाली जाण्यास किती सेकंद लागतात ते मोजतात. कांजी पातळ पडून दांडा लवकर खाली गेला तर गहू बिघडला असे समजावे.

घरी करण्यासारखी परीक्षाही आहे. मलमलीने चाळलेल्या २५ ग्रॅम पिठाचा घट्ट गोळा मळून अर्धा तास झाकून ठेवावा. नंतर तो पाण्याच्या बारीक धारेखाली हळूहळू चोळून धुवावा. पांढरे पाणी निघण्याचे थांबले म्हणजे हाती राहील ते ओले ग्लुटेन. ते सहा ते आठ ग्रॅम भरणे हे समाधानकारक होय. ते ओढून पाहावे. तुटक व भुसभुशीत असेल तर गहू पावास कामाचा नाही. रबरासारखे ताणून परत आखडणारे असेल तर बळकट समजावा. या परीक्षेस यंत्र लागत नाही, वीज लागत नाही.

पोषणाच्या दृष्टीने गुणाचा अर्थ आणखी निराळा आहे. शरीरास आवश्यक असलेल्या अमिनो आम्लांपैकी लायसिन गव्हात उणे असते. या बाबतीत देशातील एक जुने उदाहरण लक्षात ठेवण्याजोगे आहे. १९६७ साली दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत ‘शरबती सोनोरा’ हा वाण प्रसृत झाला. आज बाजारात शरबती म्हणून मिळणाऱ्या गव्हाशी त्याचा घोटाळा करू नये. मेक्सिकोतून आलेल्या तांबड्या दाण्याच्या सोनोरा-६४ वाणापासून किरणोत्साराच्या साहाय्याने तो पिवळसर दाण्याचा वाण काढला होता, व त्या कामी त्यास यश आले. परंतु त्यात लायसिनही बरेच अधिक आहे असा जो दावा तेव्हा करण्यात आला, त्यास पुढे मेक्सिकोतील आंतरराष्ट्रीय केंद्रात झालेल्या पृथक्करणाने दुजोरा मिळाला नाही. मोजमाप एकाच ठिकाणी होऊन भागत नाही, ते दुसऱ्यानेही तपासून पाहिले पाहिजे, हे यावरून स्पष्ट होते. लायसिनची उणीव भरून काढण्यास यंत्रापेक्षा वरणाची वाटी अधिक उपयोगी. डाळीत लायसिन भरपूर असते, व पोळी आणि डाळ एकत्र खाल्ल्याने परस्परांची कमतरता भरून निघते.

भावात प्रथिनाला स्थान नाही

सरकारी खरेदीत गव्हाची प्रत ठरविण्याचे जे निकष आहेत, त्यांत कचरा, इतर धान्ये, खराब दाणे, आक्रसलेले व तुटके दाणे आणि ओलावा यांच्या मर्यादा दिलेल्या आहेत. ओलावा १२ टक्क्यांपर्यंत चालतो. १४ टक्क्यांपर्यंत तो कपात करून स्वीकारतात. हे निकष योग्यच आहेत, कारण त्यांमुळे धान्य टिकते. परंतु त्यांत प्रथिनाचा उल्लेखही नाही. ९ टक्के प्रथिनाचा गहू व १३ टक्के प्रथिनाचा गहू या दोहोंस एकच भाव. बाजार समितीतील लिलावातही बोली रंग, चकाकी व वाणाचे नाव पाहूनच बहुधा लागते.

उलटपक्षी, बंद पाकिटातील कणकेवर दर शंभर ग्रॅममागे प्रथिन किती हे छापण्याची सक्ती आहे. कणकेत ग्लुटेन किमान ६ टक्के व मैद्यात किमान ७.५ टक्के असावे, असे अन्नसुरक्षेचे नियम आहेत. म्हणजे गिरणीस प्रथिनाचा आकडा माहीत असतो, दुकानदारास तो वाचता येतो, ग्राहकाच्या हातातील पाकिटावर तो छापलेला असतो. ज्याने नांगर धरून तो गहू पिकविला त्या एकट्यासच तो कळत नाही. ज्ञान एका बाजूस व कष्ट दुसऱ्या बाजूस अशी ही विभागणी न्याय्य म्हणता येणार नाही.

यामुळे संशोधनाचेही मोल घटते. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने काढलेल्या ‘एमएसीएस ४०२८’ या बन्सी गव्हाच्या वाणात १४.७ टक्के प्रथिन असून जस्त व लोहही चांगल्या प्रमाणात आहे. निफाडच्या गहू संशोधन केंद्रातही अनेक वर्षे या पिकावर काम चालू आहे. परंतु शेतकऱ्याने असा वाण पेरून, वेळेवर खत-पाणी देऊन उत्तम दाणा आणला, तरी बाजारात त्याच्या प्रथिनाबद्दल एक पैसाही जास्त मिळणार नसेल तर तो क्विंटलच्या संख्येकडेच पाहणार. त्यास दोष कसा द्यावा?

आक्षेप व त्यांचा विचार

प्रथिनाप्रमाणे भाव द्यावा या सूचनेवर काही आक्षेप घेतले जातात आणि ते विचार करण्यासारखे आहेत.

पहिला आक्षेप असा की, आपल्या शेतकऱ्यांचा माल थोडा. चार-पाच पोत्यांसाठी यंत्र परवडणार नाही. यंत्राची किंमत काही लाखांत जाते हे खरे. परंतु ते एकेका शेतकऱ्याने घ्यावयाचे नाही. बाजार समिती, शेतकरी उत्पादक कंपनी किंवा सहकारी संस्था यांनी ते घ्यावे. एक वाण, एक प्रत असा माल गटाने एकत्र केला तर तपासणीचा खर्च क्विंटलमागे नाममात्र पडेल.

दुसरा आक्षेप असा की, प्रथिनाच्या लोभाने शेतकरी युरियाचा मारा करतील. ही भीती अगदीच खोटी नाही. बागायती, वेळेवर पेरलेल्या गव्हास हेक्टरी १२० किलो नत्र, ६० किलो स्फुरद व ४० किलो पालाश द्यावे, आणि नत्राची अर्धी मात्रा पेरणीच्या वेळी व उरलेली अर्धी तीन आठवड्यांनी पहिल्या पाण्याबरोबर द्यावी, अशी शिफारस आहे. त्यापलीकडे नत्र दिल्याने पीक लोळते, पाणी दूषित होते व खर्च वाढतो. पण आज आकडा माहीत नसतानाही युरियाचा अतिरेक होतोच. उलट, आकडा हाती आल्यास नत्र वायफळ गेले की दाण्यात उतरले हे शेतकऱ्यास कळेल. ज्या शेतातील गव्हात प्रथिन सतत कमी भरते तेथे मातीची परीक्षा करून खताचे वेळापत्रक सुधारता येईल. मोजमाप हे उधळपट्टीस आळा घालण्याचेही साधन आहे.

तिसरा आक्षेप सर्वांत महत्त्वाचा आहे. ज्याचे प्रथिन कमी भरेल त्याच्या भावात कपात होईल, आणि हलक्या जमिनीचा गरीब शेतकरीच तिच्याखाली भरडला जाईल. ही शक्यता टाळावयाची असेल तर प्रारंभी कपातीचा मार्ग सोडून केवळ वाढीव मोबदल्याचा मार्ग धरावा. आधारभूत भाव हा तळ समजावा व त्याखाली कोणासही जाऊ देऊ नये. समजा, ११ टक्क्यांवरील प्रत्येक टक्क्यास क्विंटलमागे २० रुपये जास्त देण्याचे ठरले. तर १३ टक्के प्रथिनाचा ३० क्विंटल गहू आणणाऱ्यास १,२०० रुपये अधिक मिळतील, व ज्याचे प्रथिन ११ टक्क्यांहून कमी आहे त्याचे काही जाणार नाही.

चौथी शंका यंत्र हाताळणाऱ्याच्या सचोटीची. तराजू व वजने ठराविक मुदतीने शासनाच्या वैधमापन यंत्रणेकडून तपासून शिक्का मारून घ्यावी लागतात. तो नियम नसता तर तराजूवर कोणी विश्वास ठेवला असता का? प्रथिन मोजणाऱ्या यंत्रासही हाच न्याय लावला पाहिजे. प्रथिन आधीच ठाऊक असलेला मोहोरबंद नमुना रोज सकाळी शेतकऱ्यांच्या समोर यंत्रात घालून दाखवावा, आणि आकडा चुकला तर त्या दिवशीची तपासणी बंद ठेवावी. नमुना पोत्याच्या तोंडातून न घेता वर, मध्ये व तळाशी असा सर्व थरांतून काढावा, एकत्र करून त्याचे चार भाग पाडावे, आणि एक भाग शेतकऱ्याजवळ राहू द्यावा. निकाल कागदावर, ओलाव्यासह, शेतकऱ्याच्या हाती मिळावा. तोंडी सांगितलेला आकडा ग्राह्य धरू नये.

वसई-विरारमध्ये काय करता येईल

येथील लोकांच्या हाती गव्हाचे शेत नसले तरी खरेदीची शक्ती आहे. अलीकडे धान्य महोत्सव भरतात, शेतकऱ्यांचे गट नाशिक व इतर जिल्ह्यांतून थेट माल आणतात, आणि गृहनिर्माण संस्था एकत्र खरेदी करतात. या खरेदीत एक अट घालावी की, प्रत्येक पोत्याबरोबर वाणाचे नाव, पिकाचे वर्ष, प्रथिनाचे प्रमाण व ओलावा यांची चिठ्ठी असावी. शंभर कुटुंबांनी मिळून ही मागणी केली तर विकणारा गट ती परीक्षा करून आणील, कारण त्यात त्याचाही लाभ आहे. बेकरीवाल्यांनी पावासाठी व पोळीवाल्या बचतगटांनी पोळीसाठी आपल्या गरजेचा गहू कोणत्या गुणाचा हे निश्चित करून थेट शेतकरी गटांशी करार करावा. त्यात प्रथिनाबरोबर ग्लुटेनच्या बळाची अटही असावी. नुसत्या आकड्यावर करार करू नये.

पालघर जिल्ह्यासाठी असे एक यंत्र सामायिक उपयोगास ठेवता आले तर ते केवळ गव्हापुरते उपयोगी पडणार नाही. डहाणू तालुक्यातील कोसबाड येथील कृषी विज्ञान केंद्रासारखी जागा त्यास योग्य ठरेल. भाताच्या खरेदीत ओलाव्याची मर्यादा १७ टक्के आहे, आणि कापणीनंतर पाऊस पडला म्हणजे तालुक्याच्या पूर्व भागातील भातकऱ्यास याच आकड्याने त्रास होतो. २० टक्के ओलाव्याचे १०० किलो भात १७ टक्क्यांपर्यंत वाळविले म्हणजे ते सुमारे ९६.४ किलो भरते. म्हणजे वाळल्याने होणारी खरी तूट साडेतीन किलोच्या आसपास असते. त्याहून अधिक तूट कोणी मागू लागला तर शेतकऱ्यास हिशेब सांगता आला पाहिजे. योग्य अंशशोधन केल्यास हेच यंत्र भाताचा ओलावा व तांदळातील प्रथिन यांचीही परीक्षा करू शकेल. २०२१ साली भौगोलिक मानांकन मिळालेल्या वाडा कोलम तांदळाच्या नावाखाली दुसरा तांदूळ विकला जाऊ नये यासाठीही अशा यंत्राचा उपयोग होऊ शकेल काय, हे कृषी विद्यापीठाने अभ्यासण्यासारखे आहे. अर्थात त्यासाठी प्रथम येथील शेतांतील नमुने गोळा करून अंशशोधन करणे हे काम आहे. यंत्र विकत मिळते. अंशशोधन मात्र आपल्या मातीतच करावे लागते.

मोजमाप हे शेतकऱ्याचे शस्त्र व्हावे

दररोज ३०० ग्रॅम गहू खाणाऱ्या माणसास १० टक्के प्रथिनाच्या गव्हातून ३० ग्रॅम प्रथिन मिळते, १३ टक्क्यांच्या गव्हातून ३९ ग्रॅम. नऊ ग्रॅमचा हा फरक सधन घरात कोणाच्या ध्यानातही येणार नाही. परंतु ज्या घरात दूध, अंडी व डाळ बेताचीच असते, त्या घरातील वाढत्या मुलाच्या दृष्टीने तो क्षुल्लक नाही. पालघर जिल्ह्याच्या डोंगराळ भागात बालकांच्या कुपोषणाचा प्रश्न आजही आहे, आणि तेथे शिधावाटपाच्या धान्यात गहूही येतो. तेव्हा गव्हातील प्रथिनाचा विचार हा केवळ गिरणी व बेकरी यांचा नसून जनतेच्या आरोग्याचाही आहे.

किरणांचे यंत्र उपयोगी आहे, पण त्यास मर्यादा आहेत. ते प्रमाण सांगते, गुण पूर्णपणे सांगत नाही. त्याच्या जोडीस ग्लुटेनची व कोंबाची परीक्षा असलीच पाहिजे. ते शिकविल्याप्रमाणे बोलते. म्हणून ते कोणत्या गव्हावर शिकले हे विचारले पाहिजे. आणि त्याचा आकडा जेथे उमटतो तेथे शेतकरी उभा असला पाहिजे. बाजारात जाताना शेतकरी बंधूंनी आपल्या गव्हाचे वजन जसे स्वतः पाहून घ्यावे, तसाच प्रथिनाचा व ओलाव्याचा आकडाही मागून घ्यावा व तो लिहून ठेवावा. सलग दोन-तीन वर्षांचे आकडे हाती असले म्हणजे वाण, खत व पाणी यांबद्दलचा निर्णय अंदाजाने न होता पुराव्याने होईल, आणि भावाची बोलणी करताना त्यांच्या शब्दास वजन येईल.